शाल, श्रीफळ आणि दीव बेट

आमच्या धायरीच्या ज्येष्ठ नागरिक संघात शालींना तोटा नाही. एकाच्या सत्कारात आलेली शाल पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. काही शाली तर आता इतक्या ओळखीच्या झाल्यात की त्या स्टेजवर आल्या की माझा हात आपोआप नमस्काराला उठतो. तोटा आला तो सत्कारमूर्तींचा. गेल्या हिवाळ्यात अशी वेळ आली की सत्कार न झालेला माणूसच संघात उरला नाही. पंचाहत्तरी गाठलेले, पन्नास वर्षं एकाच बायकोबरोबर काढलेले, गुडघा बदलून चालत आलेले, सगळे उरकले होते.

अशा आणीबाणीत आमचे मनोहरराव उभे राहिले. मनोहरराव म्हणजे माझे यजमान. खडकवासल्याच्या बाजूला एका लष्करी कचेरीत त्यांनी कारकुनी केली. बंदूक कधी उचलली नाही, पण बंदुकीच्या तेलाचे डबे मोजून घेतले, आणि तेवढ्यावर ते आजही सरहद्दीबद्दल अधिकारवाणीने बोलतात.

"आपला देश महासत्ता होऊ घातलाय," ते म्हणाले. "महासत्तांकडे लढून घेतलेली बेटं असतात. आपल्याकडेही आहे. दीव. आम्ही दोघं तिकडे निघालोच आहोत. एकसष्ट साली पोर्तुगीजांना हाकलायला आपली फौज आली तेव्हा तिथे हजर असलेला एखादा माणूस हुडकतो आणि संघातर्फे त्याचा सत्कार करून येतो."

टाळ्या पडल्या. बुधवार पेठेतून मानचिन्ह करून आणलं. काचेचा ठोकळा, त्यात शनिवारवाडा, आणि खाली कोरलेलं: 'मुक्त झालेला नागरिक, श्री.' पुढची जागा मोकळी. माणूस ठरायचा होता, सत्कार ठरलेला होता.

"अहो, आणि बाई निघाली तर?" मी विचारलं.

"लढाई चालू असताना बायका बघायला बाहेर येतील का?" मनोहरराव म्हणाले. मी पर्समध्ये एक मार्कर पेन टाकलं.

माझं म्हणाल तर मला वेगळंच कुतूहल होतं. माझी सगळी नोकरी पुणे महापालिकेच्या मिळकतकराच्या खात्यात झाली. नव्या मुलखावर कारभार कसा करतात हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आधी पाटी जाते, मग बिल जातं, मग तिथली माणसं विचारायला येतात की पाणी कधी येणार. आमची धायरी गावातून शहरात घेतली तेव्हा बिलं पाठवणारी मीच होते आणि दारात ती घेणारीही मीच. धरण उशाला आहे आणि आम्ही गॅलरीत उभे राहून टँकरची वाट बघतो. धायरी तरी ठरावाने घेतली. तोफा लावून घेतलेल्या गावाची आपण काय बडदास्त ठेवली असेल, ते मला बघायचं होतं.

घोघला

वेरावळपर्यंतच्या रेल्वेचं सांगण्यासारखं एवढंच, की सत्काराचा नारळ बर्थखाली गडगडत गेला आणि पलीकडच्या कप्प्यातल्या एका कुटुंबाने तो देवाचा समजून फोडायला घेतला होता. मनोहररावांनी धावत जाऊन त्याला सोडवून आणलं. तिथून पुढे उन्यामार्गे मोटार केली.

दीवला पूल ओलांडून जावं लागतं आणि पुलाच्या अलीकडे घोघला लागतं. उन्यापर्यंत गुजरात, म्हणजे दारूबंदी. एक कमान ओलांडली की डाव्या हाताला बार, उजव्या हाताला बार, आणि मधे भला उंच ध्वज. मनोहररावांनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरले, बूट जुळवले आणि सलाम ठोकला. झेंड्याच्या चौथऱ्यावर चार तरुण उन्हात गाढ झोपले होते. एकाच्या पायात एकच चप्पल होती.

"यांना कशापासून मुक्त केलं म्हणायचं?" मी विचारलं.

"गुजरातपासून, बेन," ड्रायव्हर म्हणाला. "शनिवार-रविवारपुरतं."

परत जाताना याच कमानीत पोलीस पिशव्या हुंगतात, असंही त्याने सांगितलं. म्हणजे मुक्ती हवी तेवढी प्यावी, बरोबर नेऊ नये.

आमची उतरायची जागा बेटाच्या पश्चिम टोकाला, वणाकबारा नावाच्या कोळ्यांच्या गावात होती. घर दुमजली, निळ्या फरशीचं, पुण्यात ज्याला बंगला म्हणून मिरवतील असं. मालक इंग्लंडात, लेस्टरला. शेजारच्या घराचा मालकही लेस्टरला. त्याच्या पलीकडचा लिस्बनला. अख्ख्या गल्लीत घरं नवी कोरी आणि कुलपं गंजलेली. किल्ली घेऊन आली ती हेतल, समोरच्या बैठ्या घरातली मुलगी. वय पंचविशीच्या आसपास, केसांना घट्ट रबर, बोलणं सरळ. ती नर्सिंग शिकली होती आणि लेस्टरवाल्यांच्या घरात पाहुण्यांच्या चादरी बदलत होती. तिचं गुजराती, माझं हिंदी आणि दोन्हींच्या मधलं जे काही आम्ही बोललो, ते मी इथे मराठीतच देते.

रात्री तिच्या आईने ताट पाठवलं. बाजरीचा रोटला, लसणाची लालभडक चटणी आणि कोळंबीचं कालवण. गुजरात म्हणजे डाळीत गूळ, या समजुतीने मनोहररावांनी चटणी चमच्याने खाल्ली. पुढचा बराच वेळ त्यांनी महासत्तेबद्दल काही म्हटलं नाही. मी मात्र कालवण बोटं चाटून संपवलं.

किल्ला

सकाळी हेतलला वाट दाखवायला बरोबर घेऊन निघालो. दीवचा किल्ला बघण्यासारखा आहे, यात शंका नाही. तिन्ही बाजूंनी समुद्र, खडकात खोदलेला खंदक, आणि समोर पाण्यात उभा असलेला पाणीकोठा, जिथे पूर्वी कैदी ठेवत. पोर्तुगीजांनी दरवाजावर जे लिहिलं ते दगडात कोरलं. आपण जे लिहिलं ते पत्र्यावर रंगवलं. दगड अजून वाचता येतो. पत्र्यावरचं 'थूकना' गेलंय आणि 'मना है' राहिलंय.

तोफांवर नवी जोडपी घोड्यावर बसावं तशी बसून फोटो काढत होती. चारशे-साडेचारशे वर्षं समुद्रावर नजर ठेवलेल्या त्या तोफा आता सेल्फीच्या बंदोबस्तात आहेत. एका चर्चमध्ये संग्रहालय झालंय, दुसऱ्यात दवाखाना. रस्ते मात्र मान्य करायलाच हवेत. इतके गुळगुळीत की मला धायरी फाट्याची आठवण येऊन वाईट वाटलं. रस्त्याकडेला होका नावाची झाडं आहेत, ताडाच्या जातीची, पण फांद्या फुटलेली. ताडाला फांद्या फुटलेल्या मी कुठे पाहिल्या नव्हत्या. हेतल म्हणाली, तीही बाहेरूनच कुणीतरी आणून लावलीत म्हणतात, पण आता त्यांना कोणी विचारत नाही की तुम्ही कुठले.

मनोहररावांचं झाडांकडे लक्ष नव्हतं. ते म्हातारी माणसं शोधत होते. बंदर चौकात एका दुकानात त्यांना हवा तसा माणूस सापडला. पांढरी टोपी, ऐंशी ओलांडलेले, कान शाबूत.

"एकसष्ट साली आपण कुठे होतात?" मनोहररावांनी विचारलं. एक हात पिशवीतल्या शालीवर होताच.

"मोझांबिकला," म्हातारबुवा म्हणाले. "पोटासाठी गेलो होतो. तिथेही राज्य पोर्तुगीजांचंच. इकडे तुम्ही दीव घेतलंत आणि तिकडे त्यांनी आम्हाला उचलून छावणीत कोंडलं. मुक्त गाव झालं आणि आत गेलो मी." आणि त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाला साबण दिला.

मनोहररावांनी शाल पुन्हा आत ढकलली. पुढचा एक जण त्या साली पाळण्यात होता. तिसऱ्याने सत्काराबरोबर काही रोख आहे का विचारलं. दिवस मावळायला आला तरी मुक्त झालेला नागरिक काही सापडेना.

रिक्षात बसल्यावर मी हेतलला विचारलं, की आता इथला कारभार चालतो कसा? माझं आपलं खात्याचं कुतूहल. ती म्हणाली, साहेब दिल्लीहून येतात, कागद दमणला जातात. दमण कुठे, तर आखाताच्या पलीकडे. मधे अख्खं गुजरात. कागद जातो, शिक्का घेऊन येतो, तोवर माणूस विसरतो की आपण काय मागितलं होतं.

"आणि तुम्ही काही विचारायला जायचं तर?"

"कुणाला?" ती म्हणाली. "साहेब बदलतात. आल्यावर पहिल्यांदा दिव्याचे खांब बदलतात. बाच्या मासळी वाळवायच्या जागेवर पहिल्यांदा बाकडी आली, मग बाकड्यांवर छत्र्या आल्या. मासळी आता लांब वाळते. पर्यटकांना वास येत नाही."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. 'मुख्य इमारतीत या, तिथे सांगतील,' हे वाक्य मी धायरीच्या माणसांना इतक्यांदा ऐकवलंय की ते माझ्या तोंडात अजून तयार असतं. लढाई करून घ्या नाहीतर ठराव करून घ्या, लांबच्या खिडकीतून माणूस सारखाच बारीक दिसतो.

"ही बा कोण?" मनोहररावांनी मधेच विचारलं. "किती वर्षांची?"

"माझी आजी. मणिबा. सत्तरच्या वर आहे."

"एकसष्टला ती इथेच होती?"

"ती कधी बेटाबाहेर गेलीच नाही," हेतल म्हणाली. मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून मार्कर काढला.

वणाकबारा

मणिबा ओट्यावर बसून बोंबील निवडत होत्या. बारीक चणीच्या, कानात जड सोनं, हाताला मिठाच्या भेगा. "बेसो," म्हणाल्या आणि आम्हाला पाट दिला. मनोहररावांनी मोबाइल उभा धरला आणि मुलाखत सुरू केली.

"फौज आली तेव्हा तुम्ही काय पाहिलंत?"

"विमान," मणिबा म्हणाल्या. "मी नऊ-दहा वर्षांची होते. बापाने आम्हाला घरात कोंडलं. मोठे आवाज झाले. आमची शेळी दोरी तोडून पळाली."

"आणि मग झेंडा बदलला. त्या क्षणी काय वाटलं?"

"मग शेळी सापडली."

"पण मुक्ती?"

"मग मासळी वाळत घातली," त्या म्हणाल्या. "दोन दिवस घरात राहिली होती. वास मारायला लागली होती."

मनोहररावांनी मोबाइल खाली घेतला. एवढ्यावर संघाची बैठक रंगणार नव्हती. तेवढ्यात हेतलच्या आईने चहा आणला आणि बोलता बोलता खरी गोष्ट बाहेर आली.

गोष्ट अशी. जे लोक पोर्तुगीज राज्यात जन्मले, त्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल आजही आपले नागरिक म्हणून घेतं. आधी म्हाताऱ्या माणसाने तिकडे आपल्या जन्माची नोंद करायची, त्यासाठी सही द्यायची, मग पुढच्यांचा रस्ता उघडतो. त्या पासपोर्टवर पूर्वी इंग्लंडातही राहता यायचं. गल्लीतली सगळी कुलपं याच रस्त्याने लागलेली. हेतलची मैत्रीण लिस्बनच्या खाली कुठेतरी फळांच्या मळ्यात काम करते. हेतललाही जायचं होतं. कागद तयार होता आणि मणिबा सही करत नव्हत्या. ज्या जन्माला आमच्या संघाने गुलामी म्हणून ठोकळ्यात घातलं होतं, तो त्या घरातला सगळ्यात किमती जिन्नस होता.

"नर्सिंग शिकून फळं तोडायला जाणार?" मनोहररावांनी हेतलला विचारलं. आवाज चढलेला.

"नर्सिंग शिकून तुमच्या चादरी बदलतेय ना काका," ती म्हणाली. "तिकडे जाऊन भाषा शिकेन, मग दवाखान्यात लागेन."

"ज्यांना आपण हाकललं त्यांच्याच दारात?"

"तुम्ही हाकललंत," हेतल म्हणाली. "मला विचारलं नव्हतं. त्यांनी येताना बालाही विचारलं नव्हतं."

मनोहररावांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि मणिबांकडे असं पाहिलं की मला कळलं, संघाला सत्कारमूर्ती मिळाली. या माऊलीने परक्यांचा कागद लाथाडला. देशासाठी. मणिबांनी असं काही म्हटलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की सही केली की ही जाईल, मग हिचा भाऊ जाईल, आणि या गल्लीत एक कुलूप वाढेल.

सत्कार दुसऱ्याच दिवशी करायचं ठरलं. रात्री हेतल खोलीत पाणी ठेवायला आली आणि दारात उभी राहिली.

"काकू, काकांना एक सांगाल? उद्या कागदाचं नाव काढू नका म्हणावं. बा आता कुठे हो-नाही करतेय. गावासमोर 'नाही' म्हटल्याबद्दल शाल घातली, तर ती शाल अंगावर घेऊन ती हो कशी म्हणणार? माझं सगळं तिथेच संपेल."

मी तिला शब्द दिला. मनोहररावांनी मला शब्द दिला. "मी काय लहान आहे का?" म्हणाले. माझी चूक एवढीच झाली की तिथे माइक असेल हे माझ्या लक्षात आलं नाही.

माइक होता. देवळातल्या आरतीचा, कोळी मंडळींनी हौसेने आणलेला. दुसऱ्या दिवशी ओट्यासमोर पंधरा-वीस माणसं जमली, हेतलचे आई-वडील पुढे बसले, वाट चुकलेले दोन पर्यटकही थांबले. मी मानचिन्हावर 'श्री.' पुढे 'मती मणिबा' लिहिलं होतं. टिंब मधेच राहिलं, त्याला इलाज नव्हता. पुणेरी माणसाच्या हातात माइक दिला की तो आधी 'फक्त दोन शब्द बोलतो' म्हणतो. मनोहररावांनीही तसंच सांगून सुरुवात केली.

आधी तोफा झाल्या, मग महासत्ता झाली. मनोहररावांचं पुणेरी हिंदी हेतल एकेक वाक्य करून गुजरातीत सांगत होती. मग मनोहररावांचा आवाज भरून आला.

"आणि या माऊलीने," ते म्हणाले, "परदेशाचं नागरिकत्व घरात चालून आलेलं असताना त्यावर सही करायला नकार दिला. असं घर ज्या देशात आहे, तो देश कोणापुढे झुकणार नाही."

हेतल थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिला हवं ते सांगता आलं असतं, मनोहररावांचं ते बोजड हिंदी तिच्याशिवाय तिथे कोणाला धड कळत नव्हतं. तिने एक शब्द गाळला नाही. सगळं सांगितलं आणि माइक खाली धरला. मी तिच्या जागी असते तर गाळला असता. मला मनोहररावांचा इतका राग आला होता की पायातली चप्पल काढून टाळ्यांच्या जागी वाजवावीशी वाटली. मनोहररावांनी मणिबांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, ठोकळा दिला.

मणिबांनी ठोकळा डोळ्यांजवळ नेला. "हे घर कोणाचं?"

"आमच्याकडे पूर्वी राज्य करत होते त्यांचं," मी म्हटलं.

"आता कोण राहतं?"

"कोणी नाही. तिकीट लावलंय."

त्यांनी मान हलवली. मग अगदी घरगुती चौकशी करावी तसं मनोहररावांना विचारलं, "दीकरा आहे तुम्हाला?"

"आहे. एकच. निनाद."

"जवळ राहतो?"

मनोहररावांनी चष्मा पुसायला घेतला. "टोरोंटोला असतो," म्हणाले.

"तिकडचा कागद मिळाला?"

त्यांचं चष्मा पुसणं चालूच होतं. मग मीच सांगितलं. "मिळाला. शपथ घेतली त्याने. तिकडे शपथ राजाच्या नावाने घेतात."

"कुठल्या राजाच्या?"

"इंग्लंडच्या."

हेतलच्या वडिलांना हसू आवरेना. मणिबा हसल्या नाहीत. शपथ झाली त्या दिवशी मनोहररावांनी सोसायटीत पेढे वाटले होते. कोणी विचारलं तर म्हणाले होते, पोरगा मोठा झाला. यातलं मी काही सांगितलं नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते आणि मला ते पुरेसं होतं.

"तुम्ही अडवलं नाही?" मणिबांनी विचारलं.

"नाही," मनोहरराव म्हणाले. माइक त्यांच्या हातात होता आणि त्यांचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं, त्यामुळे ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "अडवून काय करणार होतो? त्याचं तिकडे बरं चाललंय."

"मग घर? कसं वाटतं?"

मनोहररावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्याची बाइक आहे खाली," म्हणाले. "दर रविवारी सुरू करून ठेवतो. बॅटरी उतरते नाहीतर."

"कोण चालवतं?"

"कोणी नाही."

पुण्यात आमच्या इमारतीत कोणी आम्हाला हे कधी विचारलं नव्हतं. बऱ्याच घरांत खाली अशी एक गाडी आहे आणि वर दोन म्हातारी माणसं, त्यामुळे विचारायचं कोणी? मला रडू आलं. मी ते आवरलं नाही, ओट्यावर बसून पदराने डोळे पुसले. एवढ्या वर्षांत मी त्या बाइकवरून त्यांना टोमणेच मारले होते.

मग मणिबा उठल्या. अंगावरची शाल काढली, झटकली, तिची दुहेरी घडी केली आणि हेतलच्या खांद्यांवर टाकली.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तिकडे थंडी असेल."

हेतलला आधी कळलं नाही. कळल्यावर ती खालीच बसली. तिच्या आईने तोंडाला पदर लावला. मणिबांनी नारळ उचलला, ओट्याच्या कडेवर एका दणक्यात फोडला आणि पहिला तुकडा मनोहररावांना दिला.

"कागद उद्या आण," त्या नातीला म्हणाल्या. "आज हात ओले आहेत."

निघताना त्यांनी आम्हाला पिशवीभर सुके बोंबील दिले. घोघल्याच्या कमानीत पोलिसाने पिशवी उघडली, नाक मुरडलं आणि न तपासता जाऊ दिलं. ड्रायव्हर म्हणाला, या वासात दोन बाटल्या सहज गेल्या असत्या. मनोहरराव एरवी यावर कायदा सांगत बसले असते. त्यांनी काच खाली घेतली आणि खाडीकडे बघत राहिले.

धायरी

आमच्याच इमारतीच्या वरच्या हॉलमध्ये संघाच्या बैठकीत दीवचा वृत्तांत ठेवला होता. मनोहररावांनी भाषण लिहून आणलं नव्हतं, हे पाहून मंडळी जरा गोंधळली. त्यांनी पडद्यावर एकच फोटो लावला. मणिबांच्या हातात शनिवारवाडा, शेजारी हेतल, डोळे सुजलेले, अंगावर संघाची शाल.

अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. शालीवर त्यांची नजर फार बारीक.

"मनोहरराव, शाल या पोरीच्या अंगावर कशी? मुक्त झालेला नागरिक यात नक्की कोण?"

"ही," मनोहररावांनी हेतलवर बोट ठेवलं.

"अहो, एकसष्ट साली हिचा बापही जन्मला नसेल."

"तुम्ही साल विचारलंत का?" मनोहरराव म्हणाले. "'कोण' एवढंच विचारलंत." आणि बैठक संपायला न थांबता ते खाली गेले. रविवार होता. जिना उतरेपर्यंत मला बाइक सुरू झाल्याचा आवाज आला. एरवी ती जागेवरच घुरघुरते आणि बंद होते. त्या दिवशी आवाज फाटकापर्यंत गेला, वळला आणि सिंहगड रस्त्याच्या दिशेने लांब जात राहिला.